गाडी थांबायला उणे दोन फूट : आर मधल्या कार्स डेटाचं एक पूर्ण प्रकरण

परवा रात्री साडेअकराला भाचीने एक स्क्रीनशॉट पाठवला. बीएस्सी स्टॅटच्या शेवटच्या वर्षाला आहे, आर या आकडेशास्त्राच्या प्रोग्रॅममध्ये लिनिअर रिग्रेशन (एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज करणारी रेषा) करून आणायचं प्रॅक्टिकल होतं, डेटा कुठलाही चालेल असं सांगितलेलं, म्हणून तिने आर सोबतच येणारा कार्स नावाचा डेटा घेतला. खाली मेसेज, "मामा, आर-स्क्वेअर्ड ०.६५ आलाय आणि पी-व्हॅल्यूला तीन स्टार आहेत, झालं ना? सबमिट करू?" (आर-स्क्वेअर्ड म्हणजे आकड्यांच्या चढउतारातला किती भाग मॉडेलने पकडला, आणि पी-व्हॅल्यू म्हणजे काहीच संबंध नसताना निव्वळ योगायोगाने इतका ठळक निकाल यायची शक्यता, ती खूप लहान असली की आर तीन स्टार टाकतं.)

मी म्हटलं सबमिट कर पण त्याआधी एकच काम कर, ताशी ४ मैल वेगाने चाललेली गाडी थांबायला तुझं मॉडेल किती फूट सांगतंय ते बघ. दोन मिनिटांनी तिचा फोनच आला. "मामा, उणे १.८५ येतंय. उणे म्हणजे काय, गाडी मागे जाते का?"

तिथून पुढे रात्री दीडपर्यंत आम्ही फोनवर होतो आणि त्यात जे जे झालं ते इथे नीट लिहून ठेवतोय. रिग्रेशन शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या हातात हा डेटा कधी ना कधी येतो आणि बहुतेक जण तीन स्टारपाशी थांबतात. मीही पहिल्या वेळी तिथेच थांबलो होतो.

आधी डेटा. ५० ओळी, दोनच कॉलम. स्पीड म्हणजे गाडीचा वेग, ताशी मैलात. डिस्ट म्हणजे थांबायला लागलेलं अंतर, फुटांत. मोजमाप १९२० च्या दशकातलं आहे, आर च्या हेल्प पानावर तसं स्पष्ट लिहिलंय आणि मूळ म्हणून मॉर्डेकाय इझिकील या अमेरिकन कृषी अर्थतज्ज्ञाच्या १९३० च्या पुस्तकाचं नाव दिलंय. वेग ४ पासून २५ पर्यंत, म्हणजे सगळ्यात जोरात पळणारी गाडीसुद्धा आपल्या हिशोबाने ताशी ४० किमीच. अंतर २ फुटापासून १२० फुटापर्यंत, सरासरी ४२.९८. भाचीने हेल्प पान उघडलंच नव्हतं आणि तिला वाटत होतं वेग किलोमीटरमध्ये आहे. तर पहिलं काम ते, कन्सोलवर प्रश्नचिन्ह आणि पुढे डेटाचं नाव, एंटर. युनिट माहीत नसताना स्लोपचा, म्हणजे रेषेच्या चढाचा, अर्थ सांगताच येत नाही.

मॉडेल बांधायला एकच ओळ लागते, एलएम (लिनिअर मॉडेल), कंसात डिस्ट, टिल्डे (~), स्पीड, मग स्वल्पविराम देऊन डेटा इक्वल्स कार्स. टिल्डेच्या डावीकडे ज्याचा अंदाज करायचा ते, उजवीकडे ज्यावरून करायचा ते. तिने हे वेगळ्या पद्धतीने लिहिलं होतं, कार्स डॉलर डिस्ट टिल्डे कार्स डॉलर स्पीड असं. चालतं, आकडे तेच येतात, पण पुढे प्रेडिक्ट फंक्शनला नवा वेग दिला की ते त्याकडे बघतच नाही, एका उत्तराऐवजी जुनेच ५० आकडे परत देतं आणि खाली एक वॉर्निंग टाकतं. तिचे पहिल्या दोन मिनिटांतले सव्वा मिनिट त्यातच गेले. डेटा आर्ग्युमेंट वापरायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

समरी काढली की हे दिसतं. इंटरसेप्ट (वेग शून्य धरला तर येणारा अंदाज) उणे १७.५८, स्पीडचा स्लोप ३.९३, स्लोपची स्टँडर्ड एरर (त्या आकड्यातली अनिश्चितता) ०.४२, पी-व्हॅल्यू म्हणजे पॉईंटनंतर अकरा शून्यं आणि मग १४९. आर-स्क्वेअर्ड ०.६५११. रेसिड्युअल म्हणजे खरं अंतर उणे मॉडेलचा अंदाज, त्याची स्टँडर्ड एरर, म्हणजे अंदाज साधारण किती चुकतो ते, १५.३८ फूट, ४८ डिग्रीज ऑफ फ्रीडमवर (५० ओळी वजा मॉडेलचे २ आकडे).

स्लोपचा अर्थ सरळ आहे, वेग ताशी १ मैलाने वाढला की थांबायचं अंतर सरासरी जवळपास ४ फुटांनी वाढतं. इथपर्यंत सगळ्यांचं बरोबर असतं. गडबड इंटरसेप्टची. उभ्या गाडीला थांबायला उणे साडेसतरा फूट? यावर पुस्तकी उत्तर ठरलेलं आहे की शून्य वेग डेटात नाहीच, तेव्हा इंटरसेप्टचा अर्थ लावायला जाऊ नका. भाचीनेही तेच सांगितलं, सरांनी सांगितलंय म्हणाली. सरांचं चूक नाही, पण मी म्हटलं अगं शून्य नाही डेटात, पण ४ आहे ना. पहिल्याच दोन ओळी ४ वेगाच्या आहेत, एक गाडी २ फुटात थांबली, एक १० फुटात. त्या दोन खऱ्या गाड्यांसाठी तुझी रेषा उणे १.८५ सांगतेय. हे डेटाच्या बाहेर जाणं नाहीये, हे डेटाच्या आत चुकणं आहे.

आणि नुसता पॉईंट अंदाज नाही, रेंज काढली तर अजून वाईट. ताशी १० मैलासाठी अंदाज येतो २१.७ फूट, तो चांगला आहे, पण एका नव्या गाडीसाठी ९५ टक्के प्रेडिक्शन इंटरव्हल (शंभरातल्या ९५ वेळा गाडी जिच्या आत थांबावी ती रेंज) काढा, उणे ९.८ पासून ५३.३ फुटापर्यंत. म्हणजे १० च्या वेगालासुद्धा मॉडेल म्हणतंय की गाडी निघण्याच्या आधीच थांबू शकते. हे का होतं? कारण मॉडेलने असं धरलंय की चूक सगळीकडे सारखीच, साधारण पंधरा फुटांची. ४ च्या वेगाला २ नि १० फुटांत थांबणाऱ्या गाड्यांना पंधरा फुटांची चूक कशी लागू पडेल, आणि २४ च्या वेगाला जिथे ७०, ९२, ९३ आणि १२० असे चार आकडे आहेत तिथे ती पुरेल का, हा विचार एलएम करत नाही. तो आपण करायचा.

मग तिला म्हटलं प्लॉट फंक्शनला मॉडेल दे. चार आलेख येतात, पहिला रेसिड्युअल विरुद्ध फिटेड, म्हणजे मॉडेलचे अंदाज. त्यात लाल रेघ सपाट हवी, इथे ती मध्ये खाली झुकून दोन्ही टोकांना वर जाते, आणि ठिपके डावीकडे घोळक्यात, उजवीकडे पसरलेले. तीन ठिपक्यांवर आर स्वतःच नंबर टाकतं, २३, ३५ आणि ४९. हे ओळींचे नंबर आहेत, यातले २३ आणि ४९ लक्षात ठेवा.

तिला टेस्ट हव्या होत्या, जर्नलमध्ये लिहायला काहीतरी आकडा लागतो ना. केल्या. रेसिड्युअल नॉर्मल, म्हणजे घंटेच्या आकारात पसरलेले आहेत का यासाठी शापिरो-विल्क, पी ०.०२१५, म्हणजे नॉर्मल नाहीत. मग पसारा सारखा आहे का यासाठी एलएमटेस्ट पॅकेजमधली ब्रॉयश-पेगन, पी ०.०७३. ती लगेच म्हणाली, "०.०५ च्या वर आहे मामा, म्हणजे ठीक आहे." मग म्हटलं आता कार नावाच्या पॅकेजमधली तशीच टेस्ट चालव (या नावाचा मोटारीशी काही संबंध नाही, रिग्रेशनच्या एका पाठ्यपुस्तकाच्या नावाची ती आद्याक्षरं), तिथे पी ०.०३१. एकाच मॉडेलवर, एकाच प्रश्नाला, एक टेस्ट हो म्हणते आणि एक नाही, कारण एक मूळ रूप आहे आणि एक सुधारलेलं. ०.०५ च्या रेषेच्या कुठल्या बाजूला पडलो यावर निर्णय सोपवला तर पॅकेज बदललं की निर्णय बदलतो. आलेखात पसारा उघड दिसतोय, त्याच्याकडे बघा.

आता इथे बहुतेक ठिकाणी पुढचं पाऊल असतं की चला, लॉग घेऊन बघू, वर्ग टाकून बघू, कशाने आर-स्क्वेअर्ड वाढतो ते बघू. मला हे मनापासून आवडत नाही. गाडी कशी थांबते हे आपल्याला माहिती आहे की, अकरावीच्या फिजिक्समध्ये आहे. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत गाडी आहे त्याच वेगाने पुढे जाते, ते अंतर वेगाच्या पटीत. ब्रेक लागल्यावर गाडीची गतिज ऊर्जा घर्षणात जिरवायची, ती ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत, म्हणून वेग दुप्पट झाला की हा भाग चौपट. आणि वेग शून्य असेल तर अंतर शून्य, यात वाद नाही. म्हणजे समीकरणाचा आकार डेटा उघडायच्या आधीच ठरलेला आहे, एक वेगाची टर्म, एक वेगाच्या वर्गाची टर्म, इंटरसेप्ट नाही.

भाचीने वर्गाची टर्म टाकली, स्पीड अधिक स्पीड कॅरेट (^) २, आणि म्हणाली काहीच बदललं नाही, तेच आकडे आले. बरोबर, कारण फॉर्म्युल्याच्या आत कॅरेटचा अर्थ घात नाही, तिथे तो टर्मचे आपसातले इंटरॅक्शन (दोन टर्मचा मिळून होणारा परिणाम) दाखवतो, आणि स्पीडचा स्पीडशी इंटरॅक्शन म्हणजे परत स्पीडच. आर एरर देत नाही, वॉर्निंग पण नाही, गुपचूप साधंच मॉडेल परत देतं. त्याला मोठ्या आय च्या कंसात गुंडाळावं लागतं, आय, कंसात स्पीड कॅरेट २, मग आर त्याला खरा वर्ग समजतं. या एका गोष्टीवर माझी एक अख्खी संध्याकाळ गेली होती, म्हणून इतकं ठासून लिहितोय.

आय टाकून इंटरसेप्टसकट चालवलं तर एक चमत्कारिक समरी आली. इंटरसेप्ट २.४७, पी ०.८६८. स्पीड ०.९१, पी ०.६५६. वर्ग ०.१०, पी ०.१३६. एकालाही स्टार नाही! आणि खाली पूर्ण मॉडेलचा एफ (सगळ्या टर्म मिळून उपयोगाच्या आहेत का ते तपासणारा आकडा) ४७.१४, त्याची पी-व्हॅल्यू इतकी लहान की शून्यच धरा. ती म्हणाली मग हे मॉडेल टाकाऊ का? अजिबात नाही. ४ ते २५ या पट्ट्यात वेग आणि वेगाचा वर्ग बरोबरीनेच वाढतात, त्यामुळे अंतर कशामुळे वाढलं, वेगामुळे की वर्गामुळे, हे श्रेय वाटून द्यायला ५० ठिपके पुरत नाहीत. दोघं मिळून काम उत्तम करतायत, कोणी किती केलं ते सांगता येत नाही. अशा वेळी स्टार नाही म्हणून एकेक टर्म काढत बसलात तर शेवटी हातात काही उरणार नाही.

मग फिजिक्स म्हणतं तसं इंटरसेप्ट काढून टाकला, फॉर्म्युल्यात उणे १ लिहायचं बस. स्पीड १.२३९, पी ०.०३२. वर्ग ०.०९०१४, पी ०.००३६. दोघांनाही स्टार आले आणि आर-स्क्वेअर्ड ०.९१३३! फोनवर तिचा आनंदाचा आवाज ऐकू आला आणि मला तो लगेच मोडावा लागला. इंटरसेप्ट काढून टाकला की आर हा आर-स्क्वेअर्ड वेगळ्या पद्धतीने मोजतं, सरासरीपासूनच्या फरकाऐवजी शून्यापासूनच्या फरकाशी तुलना करतं, आणि ४३ फूट सरासरी असलेल्या आकड्यांसाठी शून्य हा इतका वाईट अंदाज आहे की त्याच्यापुढे कुठलंही मॉडेल हुशार दिसेल. जुन्या पद्धतीने हाताने काढला तर ०.६६७ येतो. तुलना करायची तर रेसिड्युअल स्टँडर्ड एररची करा, ती फुटातच आहे. साधी रेषा १५.३८, इंटरसेप्टसकट वर्ग १५.१८, इंटरसेप्टशिवाय १५.०२. एवढ्या उठाठेवीनंतर सुधारणा किती? एक तृतीयांश फूट.

इथे ती थोडी खट्टू झाली आणि मला वाटतं या अख्ख्या प्रकरणाचा जीव इथेच आहे. १० च्या वेगाला साधी रेषा सांगते २१.७ फूट, वक्र सांगतो २१.४. २० ला ६१.१ आणि ६०.८. म्हणजे ज्या भागात डेटा दाट आहे तिथे दोन्ही मॉडेलं जवळजवळ एकच आहेत, डेटाला विचारलं तर तो कौल देणारच नाही. फरक टोकांना. ४ च्या वेगाला वक्र ६.४ फूट सांगतो, खऱ्या दोन गाड्यांची सरासरी ६. आता पट्ट्याच्या बाहेर जाऊन बघा, जायचं नसतं पण फक्त फरक कळावा म्हणून, ताशी १०० किमी म्हणजे ६२ मैल. रेषा म्हणते २२७ फूट, म्हणजे ६९ मीटर. वक्र म्हणतो ४२५ फूट, १३० मीटर. जवळपास दुप्पट! ज्या दोन मॉडेलांमध्ये डेटाला एक तृतीयांश फुटाचा फरक दिसतो, त्यांच्यात तिथे साठ मीटरचा फरक आहे. आजच्या गाडीचे ब्रेक वेगळे, टायर वेगळे, त्यामुळे यातला एकही आकडा आजच्या एक्सप्रेसवेवर लावू नका, पण मॉडेलचा आकार चुकला की काय होतं ते मात्र लावून बघा.

मग आम्ही एक हिशोब केला जो मला प्रत्येक वेळी करताना आनंद देतो. ताशी १ मैल म्हणजे सेकंदाला १.४६७ फूट. वेगाच्या टर्मचा आकडा १.२३९, त्याला १.४६७ ने भागा, ०.८४ सेकंद. ब्रेकवर पाय जाईपर्यंतचं अंतर मोजणीत धरलेलं असेल तर हा ड्रायव्हरचा रिअ‍ॅक्शन टाइम झाला, आणि माणसाला साधारण एवढाच लागतो! वर्गाच्या टर्मवरून वेग कमी होण्याचा दर काढा, सेकंदाला सेकंदाला ११.९ फूट, म्हणजे ३.६ मीटर, गुरुत्वाच्या ०.३७ पट. आजची चांगली गाडी कोरड्या रस्त्यावर याच्या दुपटीने सहज थांबते. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांना ब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालायचे, १९२७ पर्यंत बनत राहिलेल्या फोर्डच्या मॉडेल टी चं तसंच होतं, आणि ब्रेक मारला की वजन पुढच्या चाकांवर येतं, मागची हलकी पडतात. मग ०.३७ पटणारा आकडा आहे. उणे १७.५८ ला असा कुठलाच अर्थ नाही. भाची म्हणाली, "म्हणजे हे कोइफिशंट खरंच काहीतरी आहेत." हो, खरंच काहीतरी आहेत.

पसाऱ्याचा प्रश्न मात्र वक्राने सुटला नाही, चूक अजून सगळीकडे १५ फुटाचीच धरली जात होती. त्यासाठी अंतराचं वर्गमूळ घेऊन वेगावर साधी रेषा टाकली. इंटरसेप्ट १.२७७, स्लोप ०.३२२४, आर-स्क्वेअर्ड ०.७०९. (हा ०.७०९ आधीच्या ०.६५१ शी लावू नका, डावीकडची गोष्टच बदलली आहे.) आता १० च्या वेगाची रेंज काढून परत वर्ग केला की ५ ते ४६ फूट, उणे गेलं. २४ च्या वेगाला साध्या रेषेची रेंज ४५ ते १०९ होती, म्हणजे ती १२० फुटाची गाडी बाहेर राहत होती. नव्या मॉडेलची ४५ ते १२८. ओळ ४९ आत आली. ती विचित्र गाडी नव्हतीच, जास्त वेगाला पसारा जास्त असतो एवढंच, आणि भाची ती आउटलायर म्हणून उडवायच्या बेतात होती. एक ध्यानात ठेवायचं की वर्गमूळातला अंदाज परत वर्ग केला की मिळतं ते साधारण मधलं अंतर, सरासरी त्याहून थोडी वर असते.

दोन्हीकडे लॉग घेऊनही बघितलं, तिथे वेगाचा घात १.६० आला, रेंज १.३२ ते १.८८. एकाच्या वर, दोनाच्या खाली, म्हणजे नुसती रेषा नाही आणि नुसता वर्गही नाही, दोन्हीचं मिश्रण. फिजिक्सने जे सांगितलं तेच वेगळ्या दाराने आत आलं.

राहिली ओळ २३. वेग १४, अंतर ८० फूट. वर्गमूळाच्या मॉडेलमध्येही १४ ला वरची हद्द साडेचौसष्ट, ही बाहेरच. पण १४ वेगाच्या चारही गाड्या बघा, २६, ३६, ६०, ८०. वेग एकच आणि अंतर तिप्पट. इथे स्पीड कॉलममधून अजून काही पिळून निघणार नाही, कुठलंही फंक्शन लावा, १४ साठी एकच आकडा देणार. गाडी किती जड होती, रस्ता ओला होता का, ब्रेक कोणते होते, यातला एकही कॉलम डेटात नाही. ती म्हणाली काढून टाकू का ही ओळ, मी म्हटलं कारण सापडल्याशिवाय काढायची नाही, ठेव, आणि ठेवली आहे असं लिही.

शेवटी तिने जर्नलमध्ये दोन मॉडेलं ठेवली, अर्थ सांगायला इंटरसेप्ट नसलेला वक्र आणि रेंज सांगायला वर्गमूळाचं. साधी रेषा पण ठेवली, पहिल्या पानावर, ४ च्या वेगाच्या उणे १.८५ सकट. खाली लिहिलं की हे सगळं ताशी ४ ते २५ मैलांपुरतं आणि १९२० च्या दशकातल्या गाड्यांपुरतं आहे. ओळ २३ वर पेनने गोल केला आणि शेजारी १४ च्या चारही गाड्यांचे आकडे लिहून ठेवले, तोंडी परीक्षेत कोणी विचारलं तर दाखवायला.